ठिपके कोणाचे?

मेलबर्नमधल्या एका प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला मी मदतनीस म्हणून जाते. तिथली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची चित्रं मुलांना दाखवतात, त्यांवर भरपूर बोलतात, पण त्यांची नक्कल मात्र करू देत नाहीत. कापसाच्या काडीने ठिपके देऊन कांगारू काढला की झालं, असं इथे चालत नाही.

कारण ते ठिपके नुसती सजावट नाहीत. वाळवंटातल्या चित्रांत एकात एक काढलेली वर्तुळं म्हणजे पाणवठा असेल किंवा मुक्कामाची जागा. इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. पण अशा खुणांतून सांगितलेली गोष्ट कोणत्या भूमीची आणि ती सांगायचा हक्क कोणत्या घराण्याचा, हे ठरलेलं असतं.

या चित्रांचा आजचा प्रवाह सुरू झाला तोही एका शाळेतच. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला, वाळवंटात पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथे 1971 मध्ये जेफ्री बार्डन हे कलाशिक्षक आले. मुलं वाळूत खुणा काढत गोष्टी सांगतात हे त्यांनी पाहिलं आणि तेच कागदावर काढायला प्रोत्साहन दिलं. मग वडीलधारे पुढे आले आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. 1972 मध्ये चित्रकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली, तिचं नाव ‘पापुन्या तुला’. सुरुवातीच्या काही चित्रांत पवित्र गोष्टी उघड दिसत होत्या, त्यावरून नाराजी झाली. त्या झाकण्यासाठी ठिपक्यांचा वापर वाढला, असं जाणकार सांगतात.

हे ऐकून आमची मुलं स्वतःच्या खुणा शोधायला बसली. विषय होता घर ते शाळा, वरून पाहिल्यासारखं. एकाने भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी काटेरी रेघ काढली. एका मुलीने अर्धा कागद रंगाने झाकला आणि म्हणाली, हे फक्त आजीला माहीत आहे. बाईंनी तो तसाच भिंतीवर लावला. मला हे फार आवडलं. नक्कल बंद केली तर मुलांना काही सुचणार नाही, ही भीती किती खोटी आहे!

इथल्या अभ्यासक्रमात आशियालाही महत्त्वाचं स्थान आहे, म्हणून बाईंनी मला वारलीबद्दल बोलायला सांगितलं. त्रिकोणी माणसं मी मुद्दाम नंतर दाखवली. आधी लग्नाचा चौक, त्यातली पालघट देवी, आणि तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणी. मग सत्तरच्या दशकात कागदावर चित्रं काढू लागलेले जिव्या सोमा म्हसे. लगेच एका मुलाने विचारलं, चौक बायकाच काढायच्या, तर म्हसेंनी कोणाला विचारून सुरुवात केली? उरलेला तास त्या प्रश्नातच गेला.

तुमच्यापैकी कोणी शाळेत वारली शिकवत असाल, तर आकृत्यांच्या आधी चौकाची हकिगत सांगून पाहा. मुलं काय विचारतात ते मला जरूर कळवा.