तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार आली की सूर का सरकतो?

"बाकी अल्बम एवढा स्वच्छ, मग पाचव्या गाण्यात गिटार परत येते तिथे सगळे खाली कसे? ऑटोट्यून नव्हतं का?"

होतं. आणि सूर उतरलेला आम्हालाही ऐकू आला होता. पहिलाच अल्बम, म्हणून राहून गेलं असेल, अशी समजूत काढणाऱ्यांचे आभार. पण राहून गेलेलं नाही, ठेवलेलं आहे. गंमत अशी की हा प्रश्न विचारणारेच पुढच्या वाक्यात सांगतात की गिटारच्या आधीचे, आम्हा चौघांच्या नुसत्या आवाजांचे १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) त्यांना सगळ्यात जास्त आवडतात. मला एवढंच म्हणायचंय की या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून आल्या आहेत.

गाणं ए मेजरमध्ये, टेंपो मिनिटाला ७२ ठोके. त्या १६ बारांत चार कॉर्ड (तीन-तीन स्वरांचे गट) चार वेळा फिरतात: ए, एफ शार्प मायनर, बी मायनर, ई. ए म्हणजे सा धरून सरगमीत लिहायचं तर सागप, धसाग, रेमध, पनीरे. वाद्य बाजूला झालं की गाणाऱ्याचा कान आपोआप शुद्ध गंधाराकडे जातो, नीट लागलेल्या तानपुऱ्यात न छेडता ऐकू येतो त्या. सा २२० हर्ट्झ असेल तर तो गंधार २७५. गिटारच्या पडद्यावरचा २७७.१८, म्हणजे १४ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). फरक किरकोळ वाटतो, पण २२०चा पाचवा हार्मोनिक (स्वरातच मिसळलेला पाचपट कंपनांचा उपस्वर) ११००वर येतो आणि पडद्यावरच्या गंधाराचा चौथा ११०८.७वर, त्यामुळे आवाज थरथरतो, सेकंदाला जवळजवळ नऊ लाटा उठतात. शुद्ध गंधारावर त्या थांबतात आणि कॉर्ड घुमते. तुम्हाला आवडतं ते हेच घुमणं.

आता त्याची किंमत. एफ शार्प मायनरमधला ध तसाच धरून बी मायनरवर गेलात, तर त्या धैवताशी जुळणारा रे सा च्या १०/९ पट निघतो, नेहमीच्या ९/८ पटीपेक्षा उतरलेला. तोच रे धरून ईवर गेलात की पंचम उतरलेला मिळतो, आणि त्या पंचमावर बसवलेला नवा सा जुन्या सा पेक्षा २१.५ सेंट खाली येतो. कुणी बेसूर गायलेलं नसतं. प्रत्येक जण शेजाऱ्याशी अचूक जुळलेला असतो आणि सगळे मिळून खाली गेलेले असतात. चार फेऱ्या काटेकोर शुद्ध गायल्या तर ८६ सेंट, म्हणजे जवळपास अर्धा स्वर. आम्ही ३०वर थांबलो. ४४० हर्ट्झचा ए ४३२च्या आसपास आला. (४३२ हर्ट्झचा ए चमत्कारी असतो अशी श्रद्धा असलेल्यांनी कृपया अभिनंदन करू नये.)

रेकॉर्डिंगच्या आधी मीच म्हणायचे की सूर सरकतो तो रियाज कमी पडतो म्हणून. त्या वेळच्या मला आज हे गणित दाखवलं तरी ती ऐकणार नाही. म्हणेल, रियाज असता तर आठवणीतला सा धरून ठेवला असता. त्यात थोडं तथ्य आहे, हे कबूल.

दुरुस्तीबद्दल सगळ्यात झोंबणारी सूचना अशी येते: "१६ बारांचा अख्खा ट्रॅक हळूहळू ३० सेंट वर न्यायचा, चौघं एकत्रच चढतील, गंधाराला धक्का लागणार नाही." बरोबर आहे. १६ बार म्हणजे ५३ सेकंद, सेकंदाला अर्ध्या सेंटच्या आसपास चढ, कुणालाही कळणार नाही. आम्ही ते करून पाहिलं आणि १६ बार सुरेख झाले. अडलं पुढच्या दोन बारांत. तिथे गिटार ४४०वर येते आणि चौघं आपापल्या वेगानं तिच्याकडे चढतात: खालचा आवाज आधी, वरचा अर्धा बार मागून. एकच चढ चौघांना लावला तर खालचा जागेवर येतो तेव्हा वरचा अजून उतरलेला असतो, आणि वरचा बसवला की खालचा चढा होतो.

मग चार आवाज वेगळे का नाही केले? कारण ते वेगळे नाहीतच. मधोमध एक ओम्नी माइक (सगळ्या बाजूंनी सारखं ऐकणारा), लीड ६० सेंटिमीटरवर, वरचा आवाज १२०वर, बाकीचे दोघं मध्ये. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबल पडतो. आमचं मिक्सिंग, म्हणजे आवाजांचा तोल, पावलांनी झालं. अनेक स्वर एकत्र असलेलं रेकॉर्डिंग सोडवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण सा चा तिसरा हार्मोनिक आणि पंचमाचा दुसरा, दोन्ही ६६०वरच. तो कुणाचा, हे सॉफ्टवेअर अंदाजानं ठरवतं, आणि अंदाज चुकला की आवाजाला पत्र्यासारखी किनार येते.

म्हणून ते दोन बार परत गायलो. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्याच, पाय तिथेच ठेवले, कानात सा दिला. सूर प्रत्येक वेळी जागेवर आला आणि दर वेळी बाकी सगळं बिघडलं. गिटार येणार हे माहीत असल्यानं चौघं जपून गात होते. जपून गाताना तोंड कमी उघडतं, 'आ' आक्रसतो, आणि स्वर तोच राहिला तरी रंग बदलतो. जोडायला श्वासाची जागा शोधली तर चौघांचे श्वास एका ठिकाणी नव्हते. गाणं मुद्दाम तसंच बांधलं होतं, एक श्वास घेईल तेव्हा तिघं धरतील असं. जोड ऐकू यायचा, उतरलेल्या सुरापेक्षा जास्त. रात्री कुणीतरी म्हणालं की १६ बारच काढून टाकू. आमच्यातली एक काही न बोलता घरी गेली. दुसऱ्या दिवशी मूळ टेक ठेवला. गिटारच्या ए कॉर्डमध्ये बी तारेवर दुसऱ्या पडद्याऐवजी पाचवा धरला, म्हणजे गंधार जाऊन तिथे पंचम आला. त्यामुळे घर्षण निदान सा आणि प यांच्यापुरतं राहिलं. ते ऐकू येतं, नाकारत नाही.

स्टेजवर आता प्रत्येकाच्या एकाच कानात बारीक सा-प असतो. त्यात गंधार घालायचा नाही, नाहीतर कॉर्ड तोच ठरवतो. दुसरा कान उघडा ठेवायचा. अवघड काम असतं रे धरणारीचं. बी मायनरमधला त्रिश्रुती (१०/९चा) रे तिनं न सोडता ईवर चतुःश्रुतीपर्यंत (९/८पर्यंत) चढवायचा. तिला ते जमतं, १६ बारांनंतर गिटार जागेवर येते. घुमणं थोडं कमी होतं असं मला वाटतं. तिला तसं वाटत नाही, आणि ती म्हणते हे रेकॉर्डिंगच्या वेळीही करता आलं असतं.