दर हजारी दोन

आयकराचा ७३० नंबरचा फॉर्म भरायला मी दरवर्षी इथे इटलीत, मिलानमध्ये एका मदत केंद्रात जाते. काउंटरवरच्या बाई भराभर विचारतात: करातले दर हजारी आठ कोणाला, धर्मसंस्थेला की सरकारला? दर हजारी पाच कोणत्या सेवाभावी संस्थेला? तिसऱ्या चौकटीपाशी मात्र "ही कोरीच ना?" एवढं म्हणून पुढे जातात.

ती चौकट राजकीय पक्षांची. दर हजारी दोन, म्हणजे दहा हजार युरो कर असेल तर वीस युरो, तुम्ही म्हणाल त्या पक्षाला. खिशातून जास्तीचं काही जात नाही, तरी बहुतेक जण ती कोरी सोडतात. धर्मसंस्थांच्या चौकटीत काही लिहिलं नाही, तर तुमचा वाटा इतरांच्या पसंतीच्या प्रमाणात वाटला जातो. पक्षांच्या चौकटीत मात्र तो सरकारकडेच राहतो.

पक्षांवरच्या या नाराजीची मुळं जुनी आहेत. पक्षांना सरकारी पैसा देणारा कायदा आला १९७४ मध्ये. तो रद्द करावा का, यावर १९७८ मध्ये सार्वमत झालं, तेव्हा ५६ टक्के लोकांनी तो राहू दिला. एप्रिल १९९३ मध्ये पुन्हा तेच विचारलं आणि ९० टक्के लोकांनी तो मोडीत काढला! मधल्या काळात, १९९२ पासून, याच शहरातून लाचखोरीची प्रकरणं एकामागून एक बाहेर येत होती. सार्वमतानंतर बाराच दिवसांनी रोममध्ये माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी हॉटेलातून बाहेर पडले, तर जमावाने त्यांच्यावर नाण्यांचा मारा केला. आमच्या शेजारचे आजोबा अजून सांगतात, मी मत कायद्याविरुद्ध दिलं नव्हतं, चोरांविरुद्ध दिलं होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पक्षांनी तो पैसा 'निवडणूक खर्चाची भरपाई' या नावाने परत आणला. मला वाटतं, विश्वास खरा तुटला तो इथे. लाच काही माणसांनी खाल्ली होती. जनतेचा कौल मात्र संसदेने गुंडाळून ठेवला. ती भरपाई बंद करणारा निर्णय २०१३ च्या अखेरीस झाला, आणि त्यातूनच ही चौकट आली.

लोकांचा राग मला पटतो, कोरी चौकट पटत नाही. कार्यालयाचं भाडं, पत्रकं, प्रचार यांना पैसा लागतोच, आणि तो हजारो करदात्यांकडून थोडा थोडा आला नाही, तर मूठभर देणगीदारांकडून येतो. मला या देशात मतदानाचा हक्क नाही. करदाती म्हणून ही निवड मात्र माझी आहे.

यंदा बाई पुढे जायला लागल्या तशी मी थांबवलं आणि पक्षाचं नाव सांगितलं. त्याचा कोड त्यांना यादीत शोधावा लागला.