यामाहा, आयबानेझ की स्क्वायर? परवडणारी बेस गिटार निवडताना

आमच्या बँडमध्ये गिटार वाजवणारे तिघे आणि बेसला कोणीच नाही, असा प्रकार होता. तिघांत सगळ्यात कमी सोलो माझे, म्हणून बेस माझ्या गळ्यात पडली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ड्रमच्या शेजारी उभं राहायला मला आधीपासूनच आवडायचं. मागून आणलेल्या बेसवर काही काळ निभावलं आणि मग स्वतःची घ्यायचं ठरवलं. पैसे मोजकेच होते, त्यामुळे प्रत्येक कंपनीची पहिली-दुसरी पायरी एवढाच आवाका होता.

नावं लगेच पुढे आली. स्क्वायरची अफिनिटी, आयबानेझची जीएसआर 200, यामाहाची टीआरबीएक्स 174 आणि जरा उशिराने कॉर्टची ॲक्शन. यातल्या प्रत्येकीचा एक पक्ष आहे आणि त्या पक्षाचे कार्यकर्ते शोधावे लागत नाहीत. स्क्वायरवाले म्हणतात, शेवटी ती फेंडरच, म्हणजे त्या नावाजलेल्या अमेरिकन गिटार कंपनीची. आयबानेझवाले हात कसा पळतो ते सांगतात. यामाहावाले फार बोलत नाहीत, "फिनिशिंग बघ" एवढंच. आणि कॉर्टवाल्यांचं ठरलेलं वाक्य: "बाकीच्यांच्या पण हेच बनवतात."

हे शेवटचं वाक्य मी आधी थापेबाजी समजून सोडून दिलं होतं, पण त्यात बरंच तथ्य निघालं. कॉर्ट ही कोरियन कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या गिटारी बनवून देते आणि तिचा मोठा कारखाना इंडोनेशियात आहे. आयबानेझ हे नाव जपानमधल्या नागोयाच्या होशिनो गाक्कीचं, 1908 सालचं घराणं. पण गिटारी ते वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेतात. स्क्वायर ही मुळात तारा बनवणारी अमेरिकन कंपनी. फेंडरने ती 1965 मध्ये घेतली आणि 1982 मध्ये जपानमध्ये बनलेल्या स्वस्त गिटारींना ते नाव दिलं. त्यानंतर स्क्वायरच्या गिटारी कोरिया, चीन, इंडोनेशिया असा प्रवास करत आल्या. यामाहाची सुरुवात 1887 मध्ये पायपेटीपासून झाली, आणि इंडोनेशियात तिचे स्वतःचे कारखाने आहेत.

म्हणजे या किमतीत हेडस्टॉकवरचं (मानेच्या टोकावरचं) नाव ही कारखान्याला दिलेली ऑर्डर असते: मान किती रुंद, पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) कोणते, लाकूड कोणतं, तपासणी किती कडक. हे नगण्य नाही. पण "खरी" आणि "नकली" अशी जी भांडणं चालतात त्यांना फारसा अर्थ उरत नाही. मी नावांची यादी बाजूला ठेवली आणि ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते बघायला लागले.

पहिला प्रश्न पिकअपचा. बेसच्या जगात दोन मोठी घराणी आहेत आणि दोन्ही लिओ फेंडरची. प्रिसिजन 1951 ची. तिला फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) होते म्हणून सूर नेमका लागायचा, त्यावरून ते नाव. 1957 पासून तिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप आहे, ज्यात विजेची गुणगुण आपोआप कापली जाते. दुसरी जॅझ, 1960 ची. तिला दोन लांबट पिकअप, एक मानेकडे, एक ब्रिजकडे (तारांचं खालचं टोक जिथे टेकतं तिकडे), आणि मान नटपाशी (वरचं टोक जिथे टेकतं तिथे) बरीच अरुंद. प्रिसिजनचा आवाज भरीव आणि छातीतून आल्यासारखा, जॅझचा मोकळा, टोकदार, दोन नॉबनी पाहिजे तसा फिरवता येणारा. परवडणाऱ्या बेसमध्ये बऱ्याच जणी या दोघींचं लग्न लावतात: मानेकडे प्रिसिजनचा पिकअप, ब्रिजकडे जॅझचा. त्याला पीजे म्हणतात. आयबानेझ जीएसआर 200 आणि यामाहा टीआरबीएक्स 174 दोन्ही पीजे. स्क्वायर अफिनिटीत पीजेही मिळते आणि निव्वळ जॅझही.

एवढं कळल्यावर निम्मा गोंधळ मिटला. पीजे विरुद्ध पीजे अशी तुलना करता येते. पीजे विरुद्ध जॅझ ही ब्रँडची तुलनाच नव्हे, ती दोन वाद्यांची तुलना आहे.

आता हात. माझे हात लहान आहेत, आणि गिटारवरून बेसवर आलेल्या कोणालाही पहिला धक्का इथेच बसतो. नेहमीच्या बेसचं स्केल 34 इंचांचं, म्हणजे नट ते ब्रिज तारेचा वाजणारा भाग तेवढा. हिशेब केला तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ 13 सेंटीमीटर येतं. साडेपंचवीस इंची इलेक्ट्रिक गिटारवर तेच अंतर 10 सेंटीमीटरच्याही आत असतं. चार बोटं चार फ्रेटवर ठेवा असं शिकवणारे हे तीन सेंटीमीटर विसरतात. पहिल्या चार घरांत मी तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढीच वापरते, अनामिका करंगळीला आधार देते. पुष्कळ लोक असंच वाजवतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

हात बघूनच एका विक्रेत्याने मला शॉर्ट स्केल दाखवली. आयबानेझची मिक्रो तर 28.6 इंचांची, आणि स्क्वायरची ब्रॉन्को 30 इंचांची. हातात घेतल्यावर खरंच सोपं वाटतं. पण मला खालची, सगळ्यात जाड ई तार तिथे सैल, जरा फतफतीत वाटली. कारण उघड आहे: तीच जाडी, तोच सूर, पण लांबी कमी, म्हणजे ताण कमी. जाड तारा लावून हे बरंच सावरता येतं आणि शॉर्ट स्केलवर आयुष्यभर वाजवणारे नावाजलेले लोक आहेत. मला मात्र 34 ची सवय आधीच झाली होती, आणि कुठेही गेलं तरी दुसऱ्याची बेस हातात घ्यायची वेळ येते, ती 34 चीच असते.

लांबी बदलायची नाही म्हटल्यावर रुंदी उरली. जॅझची मान नटपाशी 38 मिलिमीटर, जीएसआर 200 ची 41. कागदावर तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण डावा अंगठा मागे टेकवून ई तारेवर पहिला फ्रेट दाबला की मनगट किती वळतंय ते लगेच कळतं. 38 वर माझं मनगट जवळजवळ सरळ राहत होतं. आणखी एक गोष्ट मी बोट फिरवून बघायचे: फ्रेटची टोकं. मानेच्या कडेवरून तळहात वर-खाली सरकवला की कुठे बोचतंय ते समजतं. लाकूड सुकून आक्रसलं की फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. स्वस्त बेसमध्ये तपासणीतली ढिलाई पहिल्यांदा इथेच दिसते, आणि ती नावावर नाही, त्या-त्या नगावर अवलंबून असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, शेजारीशेजारी टांगलेल्या दोन बेसपैकी एकीची मान गुळगुळीत होती आणि दुसरीची कानशीसारखी.

दुकानात वाजवून बघताना मी दोन-तीन नियम पाळले. ॲम्प तोच ठेवायचा आणि त्याचे सगळे नॉब मधोमध. विक्रेते बेसचा नॉब वर करून देतात. सगळं घुमतं, सगळं छान वाटतं, फरक काही कळत नाही. खालच्या ई चा सूर 41 हर्ट्झच्या आसपास. छोट्या ॲम्पचा स्पीकर तो नीट देऊच शकत नाही, आपण ऐकतो ते मुख्यतः त्यावरचे उपस्वर. तेव्हा घुमण्यावर जाऊन उपयोग नाही. दुसरं, बेसमध्ये बॅटरीवर चालणारं काही असेल तर ते शून्यावर. जीएसआर 200 मध्ये खालचे सूर फुगवणारा एक वेगळा नॉब आहे, त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते. तो चढवला की दुकानातली प्रत्येक बेस तिच्यापुढे फिकी वाटते. टीआरबीएक्स 174 मध्ये असं काही नाही, साधी पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायची. दोघींना एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करणं म्हणजे एकीला पाटावर उभं करून उंची मोजणं. (बॅटरीवाली घेतलीत तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. केबल लागलेली असली की बॅटरी संपत राहते.)

आणि मग ‘जी’ सुराची, सगळ्यात बारीक तार. या तपासणीला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त उपयोगही तिचाच झाला. लाकडी मानेला स्वतःचं एक कंपन असतं. एखाद्या सुराचं कंपन त्याच्याशी जुळलं की मान तारेची ताकद खाऊन टाकते आणि तो सूर लवकर मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात, आणि फेंडर पद्धतीच्या बेसवर तो बहुधा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान सापडतो. महागड्या बेसमध्येही असतो. मी ॲम्प बंद करून एकेक फ्रेट दाबायचे, तार छेडायचे आणि सूर किती टिकतो ते ऐकायचे. चौथा लांब, पाचवा लांब, सहावा ठप्प. काहींत हा खड्डा इतका खोल होता की त्या फ्रेटवर लांब सूर धरताच आला नसता. काहींत शोधूनही नीट सापडत नव्हता. विक्रेता माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता. बघू दे.

इथपर्यंत माझ्या मनात दोन उरल्या होत्या: यामाहाची टीआरबीएक्स 174 आणि स्क्वायरची अफिनिटी जॅझ. हात जॅझकडे ओढत होता, कान यामाहाकडे. प्रिसिजन पिकअप असलेली कुठलीही बेस बँडमध्ये लगेच ऐकू येते, कारण तिचा जोर मधल्या सुरांवर असतो. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधलेच सूर थोडे पोकळ होतात. एकट्याने वाजवताना तो आवाज देखणा, पण दोन गिटारी आणि झांजा सुरू झाल्या की तो मागच्या मागे बुडतो. यामाहाला 24 फ्रेट, स्क्वायर जॅझला 20; हा मुद्दा लोक फार तावातावाने मांडतात. माझं निम्मं काम पाचव्या फ्रेटच्या आत असतं.

ओळखीच्या एकाची जॅझ होती, वेगळ्याच कंपनीची. ती एका रिहर्सलला आणली आणि ड्रमरला सांगितलं, "मी नॉब फिरवत राहते, तू फक्त कधी ऐकू येते तेवढं सांग." मानेकडचा पिकअप पूर्ण आणि ब्रिजकडचा साधारण तीन-चतुर्थांश, इथे तो म्हणाला, "आता आलीस." मधले सूर परत आले होते. याची थोडी किंमत मोजावी लागते. जॅझचे दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही सारखे उघडले की गुणगुण कापली जाते. एक कमी केला की थोडी परत येते. ड्रम वाजत असताना ती कोणाला ऐकू येत नाही. दोन गाण्यांच्या मधे येते, तेव्हा आवाज बंद करायचा.

कानाचा आक्षेप एका नॉबने मिटत होता. हाताचा आक्षेप कुठल्याच नॉबने मिटला नसता. अफिनिटी जॅझ घेतली, आणि घेताना समोर असलेल्यांपैकी जिची ‘जी’ तार सगळ्यात कमी दगा देत होती ती निवडली. तिचा रंग मला फारसा आवडत नाही. आवडत्या रंगाच्या बेसला सहाव्या फ्रेटवर खड्डा होता.

पट्टा लावून उभं राहून बघायला मात्र विसरू नका. बसून वाजवताना कळत नाही, पण काही बेसचं डोकं जड असतं आणि हात सोडला की मान जमिनीकडे झुकते. मग डावा हात वाजवायचं सोडून मान उचलत बसतो. वजनही तेव्हाच कळतं. बहुतेक बेस साडेतीन ते साडेचार किलोच्या असतात आणि दोन तासांनी तो एक किलोचा फरक खांद्याला बरोब्बर ठाऊक असतो.

बजेटमधून थोडे पैसे मी सेटअपसाठी, म्हणजे कारागिराकडून बारीक जुळणी करून घेण्यासाठी, बाजूला ठेवले होते, आणि हा सल्ला मी कोणालाही देईन, ब्रँड कुठलाही असो. कारागिराने ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पाव-पाव फेरा फिरवत मानेचा बाक कमी केला, मधे तारा बसू दिल्या, पुन्हा बघितलं. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन-अडीच मिलिमीटरवर आणली. मग ब्रिजवरचे सॅडल (तारांचे छोटे टेकू) पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार नुसती हलकी स्पर्शून निघणारा सूर) जुळवला. नटच्या खाचा थोड्या खोल केल्या. पहिल्या फ्रेटवर जो जोर लागत होता त्यातला बराचसा या खाचांमुळे होता, 34 इंचांमुळे नव्हे. सेटअप झालेली स्वस्त बेस आणि दुकानातून तशीच उचललेली तिच्यापेक्षा एक पायरी महाग बेस, यांत मी डोळे मिटून पहिली घेईन.

आमच्यातल्या दुसऱ्या गिटारवाल्यालाही मग बेसची हौस आली. त्याचे पंजे मोठे. माझी मान त्याला चिंचोळी वाटते, बोटं एकमेकांत अडकतात म्हणतो. त्याने सरळ यामाहा घेतली आणि तो खूश आहे. मला आता एकदा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा लावून बघायच्या आहेत, पण सध्याच्या 45-105 जाडीच्या राउंडवाउंड (गोल वेढ्याच्या) अजून खणखणीत वाजतायत. त्या मेल्या की बघू.