कोल्हापूर, बेळगाव, पणजी, पुणे: एका गाडीची चार कोटेशनं

‘बेळगावात गाडी स्वस्त पडते’ आणि ‘गोव्यात टॅक्सच नाही’ ही दोन वाक्यं कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतात. धाकट्या भावाला गाडी घ्यायची होती आणि गोव्याला मावशीकडे जायचं होतंच. म्हटलं, वाटेत जी जी शोरूम लागेल तिथे त्याच गाडीचं, त्याच व्हेरियंटचं कोटेशन घेत जाऊ. गाडी चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही, इंजिन 1200 सीसीच्या आतलं, एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची, साडेदहा लाखांच्या आसपास. नंतर कामानिमित्त पुण्याला जाणं झालं, तेव्हा तिथलंही घेतलं.

एक्स-शोरूम किंमत चारही ठिकाणी जवळपास सारखीच निघाली. 2017 च्या आधी राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा होता, मुंबईसारख्या शहरात वर जकात होती, त्यामुळे तेव्हा शेजारच्या राज्यात चौकशी करण्यात अर्थ होता. आता जीएसटी देशभर एकच. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांना 18 टक्के आणि मोठ्यांना 40 टक्के, मग शोरूम बेळगावातलं असो की पणजीतलं. फरक पडतो तो रोड टॅक्सचा, आणि तो राज्य सरकार ठरवतं.

कागलपर्यंत सहापदरीकरणाची डायव्हर्जनं चुकवत, कोगनोळीचा टोल भरून बेळगावला पोचलो. शोरूमबाहेरच्या फलकावर कन्नडमध्ये आणि मराठीत मोठ्या अक्षरात किंमत, शेजारी एक चांदणी. खाली अगदी वाकून वाचावं लागेल अशा अक्षरात लिहिलेलं, की ही बेस मॉडेलची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत. ते बेस मॉडेल आत कुठेही उभं नव्हतं. सेल्समन अस्सल बेळगावी मराठीत म्हणाला, “सर, एमएचची गाडी हाय काय तुमची? मग आमच्याकडं कशाला आलासा? आमचीच लोकं तिकडं बघतात.”

त्यानं कॅल्क्युलेटर काढून दाखवलं. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला 17 टक्के कर, आणि त्या करावर 11 टक्के सेस, म्हणजे उपकर. म्हणजे प्रत्यक्षात 18.87 टक्के. साडेदहा लाखांवर ते 1,98,135 रुपये होतात. महाराष्ट्रात त्याच पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 1,26,000. बहात्तर हजारांचा फरक, आणि तो कट्ट्यावरच्या समजुतीच्या बरोब्बर उलट बाजूला.

तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो आम्हाला पुन्हापुन्हा एक पायरी खालचं, दहा लाखांच्या आतलं मॉडेल दाखवत होता. कर्नाटकात दहा लाखांच्या आत 14 टक्क्यांचा टप्पा आहे. 9,99,000 च्या गाडीला सेस धरून सुमारे 1,55,000 कर, आणि 10,01,000 झाली की सुमारे 1,89,000. गाडी दोन हजारांनी महाग, कर तेहतीस हजारांनी जास्त. महाराष्ट्रातही त्याच रेषेवर कर 11 वरून 12 टक्के होतो, पण आपल्याकडे ही उडी दहा हजारांची. दहा लाखांच्या वर गेलं की डीलर एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतो. तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो, त्यामुळे त्याला खर्च समजू नका, पण गाडी घेताना खिशातून जातोच. तुमची गाडी या रेषेच्या आसपास घुटमळत असेल तर वरचं मॉडेल खरोखर हवंय का, हे घरीच ठरवून निघा. शोरूमच्या सनरूफखाली बसून ते ठरत नाही.

चोर्ला घाटातून उतरलो. पावसाळ्यात हा रस्ता धुक्यात आणि खड्ड्यात असतो, कोटेशनसाठी मुद्दाम जाऊ नये.

गोव्यात बोलणं एकदम मोकळं. पहिला प्रश्न, “ॲड्रेस प्रूफ गोव्याचं आहे ना?” नाही म्हटल्यावर दोन वाटा सांगितल्या. पहिली सरळ: इथे बिल करायचं, तात्पुरता नंबर आणि विमा घ्यायचा, गाडी कोल्हापूरला नेऊन आरटीओत दाखवायची आणि कर महाराष्ट्राच्या दराने तिथेच भरायचा. म्हणजे करात पैशाचा फायदा नाही, उलट फॉर्म 20, 21, 22, बिल, पत्त्याचा पुरावा हे सगळं हातात घेऊन खिडक्या फिरणं आपल्याकडे. दुसरी वाट शोरूमच्या दारातल्या एजंटानं सुचवली. भाडेकरार “मॅनेज” करून देतो, गोव्याचाच नंबर घ्या.

ही दुसरी वाट धरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 40 प्रमाणे गाडीची नोंदणी तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता आणि गाडी जिथे एरवी उभी असते, त्याच राज्यात करायची असते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर कलम 47 प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे एनओसी (ना हरकत दाखला) काढा, नवा कर भरा, जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करा. केरळातल्या काही नामवंतांनी महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदवल्या आणि 2017 मध्ये त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. मावशीचा पत्ता आहे, म्हणून मीही क्षणभर विचार केला नाही असं नाही, पण गाडी उभी राहणार कोल्हापुरात राजारामपुरीत आणि नंबर जीए-07, हे किती दिवस चालणार?

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी सरळ मार्ग आहे: बीएच (भारत) मालिका, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा नंबर. 2021 पासून सरकारी, लष्करी कर्मचाऱ्यांना आणि ज्यांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी कर्मचाऱ्यांना ती मिळते. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. आमच्या भागातल्या फौजी घरांनी तर हे नक्की विचारावं, शिवाय लष्करी कॅन्टीनचा दरही बघावा.

मग हिंडून उपयोग काय? आहे, पण राज्याच्या आत. महाराष्ट्रात कुठेही घेतली तरी रोड टॅक्स तोच, आणि बाकीच्या ओळींत डीलर-डीलरात जमीन-अस्मानाचा फरक. पुण्याच्या कोटेशनमध्ये मला तो नीट दिसला.

पुण्याच्या जाहिरातीत “एक लाख दहा हजारांपर्यंत बचत”. ही बेरीज कशाची, म्हणून विचारलं. रोख सवलत, जुन्या गाडीचा एक्स्चेंज बोनस, भंगारात काढलेल्या गाडीचा स्क्रॅपेज बोनस, कॉर्पोरेट सवलत, त्याच कंपनीची गाडी आधी असेल तर लॉयल्टी बोनस आणि हजारोंच्या ॲक्सेसरीज. एक्स्चेंज आणि स्क्रॅपेज एकत्र मिळत नाहीत, हेही तिथल्या सेल्समननंच सांगितलं. आमच्याकडे जुनी गाडी नाही, भाऊ कॉर्पोरेट यादीत नाही. आमच्या पदरात खरी पडत होती ती फक्त रोख सवलत, वीस हजार. कुठेकुठे जीएसटी कमी झाल्याचा फरकही डीलर आपलीच सवलत म्हणून मोजतो, तो वजा करून बघा.

आता विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. 2022 च्या दराप्रमाणे 1000 ते 1500 सीसीला तो 10,640 रुपये आणि वर जीएसटी, देशभर सारखा. बाकी रक्कम डीलरच्या कमिशनची जागा. पुण्याच्या डीलरनं आम्हाला पुण्याचाच झोन लावला होता. विम्याच्या हिशोबात पुणे ‘ए’ झोनमध्ये येतं आणि कोल्हापूर ‘बी’मध्ये, ‘बी’ला हप्ता थोडा कमी. दाखवून दिल्यावर त्यानं मुकाट्यानं बदललं. झिरो डेप्रिसिएशन (दाव्यात सुट्या भागांची घसारा-कपात न होणं), इंजिन कव्हर यांसह तेवढ्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं) ऑनलाइन कोटेशन मोबाइलवर काढून ठेवा आणि समोर धरा. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. “बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही” असं सांगतील, ते विमा कंपनीच्या नेटवर्क यादीत तपासून बघा.

‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘फॅसिलिटेशन’ या नावाने पाच ते पंधरा हजार दिसले तर ती आरटीओची फी नाही. नाव विचारलं की ओळ गायब होते, निदान अर्धी तरी. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला ती किमतीत धरूनच येते, हे सांगा. आणि ‘महिना फक्त अमुक रुपये हप्ता’ असं पोस्टर दिसलं तर हप्ता किती वर्षांचा आणि शेवटी एकरकमी मोठी रक्कम आहे का, एवढे दोनच प्रश्न.

वेळेचंही बघा. गुढीपाडवा-दसऱ्याला डिलिव्हरीची रांग असते, तेव्हा सवलतीचं कुणी बोलत नाही. पितृपक्षात शोरूम ओस असतं. ज्यांना चालतं त्यांनी तेव्हा जाऊन सौदा ठरवावा आणि डिलिव्हरी घटस्थापनेला घ्यावी. डिसेंबरात वर्षाअखेरीची सवलत मोठी असते, पण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते आधी बघा. फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, महिना-वर्ष लिहिलेलं असतं, चॅसिस नंबर बिल करण्याआधी मागून घ्या.

शेवटी गाडी कोल्हापुरातच घेतली. पुण्याचं कोटेशन, लेटरहेडवरचं, प्रत्येक ओळ वेगळी असलेलं, इथल्या मॅनेजरसमोर ठेवलं. त्यानं चहा मागवला, दोनदा आत जाऊन आला आणि पुण्यापेक्षा चार हजार कमी केले. सर्व्हिसिंगला जवळ आणि नंबर एमएच-09, एवढ्यावर भाऊ खूश. ज्यांना पुण्यातच मोठी सवलत मिळत असेल त्यांनी तिथून खुशाल आणावी, मात्र बुकिंगची रक्कम सेल्समनच्या यूपीआयवर नको, डीलरच्या खात्यावरच भरा आणि रद्द केल्यास किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या.