दमट हवेतलं कोरियन स्किनकेअर : ऐरोलीतला माझा अनुभव

कोरियन पद्धतीच्या दहा पायऱ्या आपल्या खाडीकाठच्या हवेत जशाच्या तशा चालत नाहीत. ऐरोलीत मे ते ऑक्टोबर चेहऱ्यावर चार-पाच थर दिले की घामाबरोबर सगळं ओघळतं आणि कपाळावर, हनुवटीवर बारीक पुळ्या उठतात. म्हणून एसेन्स (टोनरनंतर लावायचं पातळ द्रावण) मी सोडलं, शीट मास्क (द्रावणात भिजवलेला, चेहऱ्यावर पसरायचा पातळ मुखवटा) फक्त रविवारी ठेवला. तोही वीस मिनिटांत काढायचा. चेहऱ्यावरच वाळला तर त्वचा उलट कोरडी पडते.

खरा वेळ द्यायचा तो संध्याकाळच्या दुहेरी सफाईला. ठाणे-वाशी लोकलचा घाम आणि धूळ फेसवॉशनं जाते, पण घट्ट बसलेलं सनस्क्रीन जात नाही. ते तेलानंच सुटतं. क्लेन्झिंग ऑइलचे दोन पंप. हात कोरडे, चेहराही कोरडा. आधी तोंडावर पाणी मारलं की तेल मळापर्यंत पोचतच नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकींचं चुकतं. मिनिटभर हलक्या हातानं फिरवायचं, नाकाच्या कडांना जरा जास्त. मग बोटं ओली करून पुन्हा फिरवायचं, की तेल दुधासारखं पांढरं होतं. पांढरं झाल्याशिवाय धुऊ नका; तेलाचा थर मागे राहतो आणि आठवड्याभरात पुळ्या दिसतात. घरातलं खोबरेल इथे चालत नाही. पाण्यात मिसळायला लागणारा घटक त्यात नसतो, त्यामुळे ते कितीही धुतलं तरी चिकटून राहतं.

त्यानंतर ज्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ च्या आसपास आहे असा सौम्य फेसवॉश, अर्धा मिनिट. धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटले तर तो तुमच्यासाठी कडक आहे. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

टोनर (पाण्यासारखं पातळ द्रावण) तळहातावर घेऊन ओलसर चेहऱ्यावर थोपटायचा, कापूस नको. मग ५ टक्के नियासिनामाइडच्या (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सीरमचे तीन थेंब. १० टक्क्यांनी माझे गाल चुरचुरले. शेवटी वाटाण्याएवढं जेल मॉइश्चरायझर.

सकाळी पाण्यानं तोंड धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. एवढंच. पण सनस्क्रीनच्या मापात काटकसर नको. डब्यावरचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. निम्मं लावलं तर तेवढं संरक्षण मिळत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर पट्टी: चेहरा आणि मान मिळून इतकं. दोन वेळा थोडं थोडं लावलं की पांढरे पट्टे दिसत नाहीत. खालचं मॉइश्चरायझर मुरायच्या आत चोळलं तर खोडरबरासारखा चुरा निघतो. पाच मिनिटं थांबा. उन्हात फिरायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. पावसाळी ढगांतूनही अतिनील किरण येतात, त्यामुळे जुलैतही सुट्टी नाही.

नवी वस्तू एका वेळी एकच. आधी दोन-तीन रात्री कानामागे, मग चेहऱ्यावर, आणि पुढची वस्तू महिन्यानं. दोन एकदम सुरू केल्या की पुरळ कशानं आलं ते कळत नाही.

खोका घेताना भारतातल्या आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. कोरियन छापात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस येतो. शेजारी ‘जेजो’ (제조) लिहिलेलं असेल तर ती बनवल्याची तारीख, ‘क्काजी’ (까지) असेल तर तोपर्यंत वापरायची. जेजोची तारीख उलटलेली बघून चांगली बाटली फेकून देऊ नका.