मेटल डिटेक्टर आणि इंग्लंडमधले शेत

शेतमालकाची रीतसर परवानगी घेऊन आज इंग्लंडमध्ये प्रथमच मेटल डिटेक्टर चालवला. जोडणी सोपी असली, तरी कॉइलची, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या धातू हेरणाऱ्या चकतीची, केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी लागते, कारण ती सैल राहिली तर खोटे आवाज येतात. त्यानंतर धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून यंत्र मातीतील खनिजांशी जुळवून घ्यायचे आणि मग ती जमिनीला समांतर ठेवून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवत, सावकाश फिरवायची. अ‍ॅल्युमिनियमचा कचरा वगळण्याची सोय मोहक आहे. पण बारीक सोन्याच्या अंगठीचा संकेतही जवळजवळ तसाच येत असल्याने नवशिक्याने, माझ्या मते, सगळेच ऐकावे. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार खजिना ठरू शकणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते. खिळ्यांना अर्थातच हा नियम लागू नाही.