आहारतज्ज्ञांकडे जाताय? तेलाची बाटली किती दिवस पुरते ते आधी बघून ठेवा

मी आहारतज्ज्ञांकडे जाते हे कळल्यापासून ओळखीतला प्रत्येक जण एकच विचारतो, “मग काय काय बंद केलं?” काहीच बंद केलेलं नाही म्हटलं की समोरच्याचा हिरमोड होतो. तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी नोंदणीकृत आहारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी दिली असेल आणि तुम्ही चालढकल करत असाल, तर तिथे नेमकं काय चालतं ते सांगते.

माझं निमित्त एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी. आकडा आला ६.१. साडेसहापासून मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ हा त्याच्या अलीकडचा पट्टा, म्हणजे मी कुंपणावर. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू, आधी खाण्याचं बघा. नवरा सोबत आला. गाडी चालवायला, असं तो म्हणत होता.

जाण्याआधी फोनवर सांगितलं होतं की रक्ताचे रिपोर्ट आणा, चालू औषधं बाटल्या-पाकिटांसकट आणा, आणि तीन दिवसांचं खाणं लिहून आणा. त्यातला एक दिवस सुट्टीचा हवा. सुट्टीचा का, ते लिहायला घेतल्यावर कळतं. कामाच्या दिवशी माणूस घड्याळाप्रमाणे जेवतो, सुट्टीच्या दिवशी मनाप्रमाणे.

पहिली भेट बहुतेक ठिकाणी पाऊण ते एक तासाची असते. तेवढा वेळ जातो कशात? प्रश्नांत. झोप किती, पोट साफ होतं का, चावताना त्रास होतो का, घरात मधुमेह कुणाला, कामाच्या वेळा काय, बाहेर किती वेळा खाणं होतं, दारू-सिगारेट. वजन, उंची, कंबरेचा घेर. वजनाच्या आकड्याचा तुम्हाला ताण येत असेल तर “मला आकडा सांगू नका” असं म्हणता येतं. मी म्हटलं, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी काहीही न विचारता काट्याकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं.

मग आली कालच्या दिवसाची उजळणी. उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय गेलं ते सगळं. हे एकदा सांगून भागत नाही, बाई त्याच दिवसावरून परत फिरतात.

“चहाबरोबर बिस्किटं किती?”

“दोन-तीन.”

“दोन की तीन?”

“...चार.”

“बरं. मोठी की छोटी?”

यात आवाज चढवणं नाही, भुवई उडवणं नाही. आपण खाल्लेलं कमी सांगतो हे या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तर प्रश्न मागे-पुढे फिरवून विचारतात. वाटी म्हणालात तर समोर तीन आकारांच्या वाट्या ठेवतात आणि यातली कुठली ते दाखवा म्हणतात. मी मधली दाखवली. नवऱ्याने काही न बोलता मोठी पुढे सरकवली.

तिथून बाईंचा मोर्चा त्याच्याकडे वळला. “स्वयंपाक कोण करतं?” मी त्याच्याकडे बोट दाखवलं, तर बाईंनी खुर्चीच वळवून घेतली.

“दादा, एक लिटर तेल किती दिवस पुरतं?”

“दहा-बारा दिवस.”

“आणि खाणारे दोघंच?”

बाईंनी कागदावर मांडलं. दहा दिवस धरले तर माणशी रोजचं १०० भागिले दोन, म्हणजे ५० मिली. लहान चमचा ५ मिलीचा, म्हणजे दहा चमचे. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांच्या ग्रॅमला ४. नुसत्या तेलाच्या माणशी चारशेच्या वर. तळणात उरलेलं आणि फेकलेलं वजा करा, तरी आकडा लहान होत नाही. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो बाटली थेट कढईवर उपडी करणारा माणूस आहे.

औषधांच्या पाकिटांचंही कारण कळलं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. माझी दोन्ही नाश्त्याआधी एकत्र चालली होती, आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी १२ जीवनसत्त्व तपासायला सांगतात. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना हिरव्या पालेभाज्या सोडा असं म्हणत नाहीत. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा म्हणतात, कारण त्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं. मात्र गोळी बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांचंच काम. माझ्या बाईंनी त्यांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, एवढंच.

हा सगळा तपशील “नोंदणीकृत” या एका अटीमुळे मिळतो, असं माझं मत. नियम देशागणिक वेगळे, पण साधारणपणे मान्यताप्राप्त शिक्षण, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम आणि परीक्षा, एवढं तरी झालेलं असतं. नुसती “न्यूट्रिशनिस्ट” अशी पाटी बऱ्याच ठिकाणी कुणीही लावू शकतं. म्हणून नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला? आणि पहिल्याच भेटीत कुणी स्वतःकडची पावडर विकायला काढली, तर मी तरी उठून येईन.

चार्ट? मिळाला, शेवटच्या दहा मिनिटांत, अर्ध्या पानाचा, हाताने लिहिलेला. त्यात खाण्याच्या तीनच गोष्टी. तेल चमच्याने मोजायचं. भात राहील, पण ताटात भाजी त्याच्याहून जास्त हवी. फळ खायचं, रस नाही, कारण रसात तंतू जातात आणि साखर राहते. खाली रात्रीच्या जेवणानंतर चालायचं असं होतं, तर मी म्हटलं मला जमणार नाही, त्या वेळी मी कामावर असते. त्यांनी लगेच खोडून “दुपारी” असं लिहिलं. न जमणारं तिथेच बोलून टाका. नाहीतर मान डोलवून घरी यायचं आणि कागद ड्रॉवरमध्ये. इतक्याशा बदलांनी काय होणार, असं मी विचारलंच. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला मिळाला: माझ्यासारख्या कुंपणावरच्या लोकांनी वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं-फिरणं हे लक्ष्य ठेवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी.

पुढच्या भेटी छोट्या, वीस-तीस मिनिटांच्या. काय जमलं, काय नाही, आणि नाही तर का, एवढंच बोलणं. एचबीए१सी मात्र लगेच करायला सांगत नाहीत. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे पंधरा दिवसांत रक्त देऊन पैसे वाया घालवू नका. माझी तपासणी अजून व्हायची आहे. दरम्यान नवरा तेलाचा चमचा मुद्दाम शिगोशीग भरतो, आणि तो सपाट भरून मोजायचा की असा, हे बाईंना विचारायच्या यादीत मी लिहून ठेवलंय.